काहीच न घेता उठणारे गुरुजी

आमच्या गावच्या गुरुजींनी मला फसवलं. मोहफुलं, हिरडा, चिंच यांच्या व्यापारात मी भलेभले दलाल कोळून प्यालो, पण इतकं बिनकामाचं गिऱ्हाईक सगळ्या जंगलात दुसरं नसेल.

गुरुजी मूळचे चिमूरकडचे. आमची पोरं घरी गोंडी बोलतात आणि यांना गोंडीचा एक शब्द येत नव्हता, म्हणून तो शोधायला आठवडी बाजारात येत. चिंच विकणाऱ्या म्हाताऱ्यांपुढे बसून मोडक्यातोडक्या गोंडीत घासाघीस करीत आणि भाव पटला की काहीच न घेता उठत. बाया हसून बेजार. त्यांची चिंच घ्यायला बसलेल्या माझा तराजू रिकामा. "गुरुजी, काऊन धंदा बुडवून राह्यले?" म्हटलं तर म्हणत, "भाऊ, मी रिकामा कुठी जातो? आज 'आंबट'चा गोंडी शब्द भेटला." वर्गात वजाबाकीसाठी मोहफुलं वाटत. पोरं ती खाऊन टाकत आणि हा माणूस म्हणे, उत्तर बरोबर.

माझी मुलगी पहिलीत गेली तेव्हा मी भांडायलाच गेलो. "गोंडी तिले मायनं फुकट शिकवली. त्याच्यासाठी शाळा कायले? मराठी द्या." माझी मराठी मी बाजारात शिव्या खात शिकलो होतो.

"चौथीपर्यंत माह्यावर सोडा, भाऊ. गोंडीच्या खांद्यावर बसवून मराठीत नेतो."

मी त्यांना तिसरीवर आणलं. सौदा ठरला.

पहिली संपताना पोरगी माझ्या दुकानात, भरल्या गिऱ्हाइकांत, स्वच्छ मराठीत म्हणाली, "बाबा, ही चिंच ओली आहे." गिऱ्हाईक गेलं. घरी मी पोरीला दोनदा ते वाक्य म्हणायला लावलं.

त्याच उन्हाळ्यात गुरुजींची बदली झाली. मुलचेऱ्याकडे, जिथं पोरं घरी बंगाली बोलतात. इकडे आलेले सर वेळेवर येतात, ओरडत नाहीत, पण त्यांना गोंडी येत नाही. पोरीला विचारतात, "समजलं का?" "हो सर." "मग सांग." "हो सर." माझ्याशी दोन भाषांत भांडणारी पोरगी आता एवढंच बोलते.

मालासाठी मुलचेऱ्याला गेलो तर गुरुजी बाजारात मासेवालीपुढे बसलेले. मोडक्यातोडक्या बंगालीत घासाघीस. बाई हसून बेजार.

"पोरगी कशी हाय, भाऊ?"

"अर्ध्या रस्त्यात उभी हाय."

हातातला मासा त्यांनी हळूच टोपलीत ठेवला. त्या दिवशी ते खरोखरच रिकामे उठले.

ओली चिंच विकली तर अख्खा बाजार मला जाब विचारतो. बदली करून हा सौदा ज्यानं मोडला, त्यानं आमच्या शाळेत यावं आणि माझ्या पोरीला कारण सांगावं. तिला समजेल अशा भाषेत.