चिंचेने घासलेले बोट

भंडाऱ्यात बी.ए.ला असताना माझ्या खोलीसमोर एक माणूस पाण्याचे पितळी गुंड घासत बसायचा. त्याचे नाव मी कधी विचारले नाही. त्या कामाने त्याची दहाही बोटे काळी झालेली असत. गुंड चकचकीत झाला की तो कानाजवळ नेऊन टिचकी मारायचा आणि आवाज पटला तरच बाजूला ठेवायचा.

मतदानाच्या सकाळी मात्र तो चिंचेच्या गोळ्याने स्वतःचे बोट घासत होता.

"आज भांडं सोडून बोट काहून, भाऊ?" मी विचारले.

"काळं बोट पाहून बूथावरचा सायब म्हनते, हा मत देऊन आला. मांगच्या खेपेस लय हुज्जत झाली. तू नाही जात गा?"

पवनीजवळच्या आमच्या गावच्या यादीत माझे नाव पहिल्यांदाच आले होते. बाबांनी तसा निरोपही धाडला होता. पण राज्यशास्त्राची परीक्षा तोंडावर होती.

"एका मतासाठी एवढ्या दूर..." मी चाचरलो.

"मी तासभर झाला घासून राहिलो. तुहं बोट तं साफच हाये."

तो हसला नाही, रागावलाही नाही. पुन्हा घासू लागला. मी पुस्तक मिटले आणि पवनीची एसटी पकडली.

दुसऱ्या दिवशी परतलो, तेव्हा तो कामाला बसला होता. त्याच्या बोटावरची शाई पुन्हा काळ्यात बुडाली होती. त्याने माझे बोट उजेडात धरले, शाईची रेघ नीट पाहिली आणि त्यावर हलकेच टिचकी मारली.