हेटी शॉक्रॉसच्या काचघरातली सपात

हेटी शॉक्रॉसबद्दल चार चांगले शब्द लिहायचे तर माझा हात आजही जड होतो. पण ती गेल्यावर आमच्या ऑर्किड क्लबाने हे काम माझ्याच गळ्यात घातलं. म्हणाले, नॉरिस, तू तिला सगळ्यांत जास्त बघितलंस. खरंच आहे ते. बावीस वर्षं मी डोळ्यांत तेल घालून तिच्या काचघराकडे बघत होतो. ज्याच्या पोटात दुखतं त्याच्याइतकं बारकाईने दुसरं कोण बघणार?

आमचं गाव इंग्लंडातल्या लँकशरमधलं, सपातांचं. कापडाच्या गिरण्या बंद पडल्या आणि त्याच इमारतींत घरात घालायच्या मऊ सपातांचे कारखाने निघाले. हेटी चौदाव्या वर्षी तिथे शिवणयंत्रावर बसली ती साठाव्या वर्षी उठली. मधे बर्टशी लग्न झालं. मूलबाळ नाही. बर्टने एका पाडलेल्या प्रार्थनाघराच्या खिडक्या आणून मागच्या अंगणात टोमॅटोसाठी काचघर उभं केलं होतं. तो छातीच्या दुखण्याने गेला आणि काचघर रिकामं पडलं. तिचं पहिलं ऑर्किड क्लबाच्या सोडतीत लागलेलं, मरायला टेकलेलं. ते सोडतीत टाकणारा मीच. दोन वर्षांनी त्याच रोपाने मला हरवलं.

क्लब महिन्यातून एकदा मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये भरतो. लांब टेबलावर पांढरा कागद, त्यावर ज्याची त्याची रोपं. पहिल्याला लाल कार्ड, दुसऱ्याला निळं. माझ्या घरी निळ्या कार्डांनी एक अख्खा खण भरला आहे. मी बसचा तपासनीस होतो, शिस्तीचा माणूस. नवंकोरं अॅल्युमिनियमचं काचघर, तीन तापमापक, पावसाच्या पाण्याची टाकी, रोजची टिपणवही. आणि हेटी? दह्याच्या रिकाम्या डब्यांत रोपं लावायची!

"हेटी, पाणी कधी घालतेस गं?" एकदा मी विचारलं.

"त्यांना तहान लागली की."

"पण कळतं कसं?"

"अरे, कुंडी उचलून बघायची. हलकी लागली की घालायचं. जन्मभर सपाता हातात तोलल्या मी. जोड हलका लागला की समजायचं, तळ कच्चा."

"आणि खत?"

"किटलीत चहा उरला तर."

आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणून मी स्वतःची समजूत घालायचो. पण बाई आंधळी नव्हती. माझ्या तीन तापमापकांना दिसत नव्हतं ते तिच्या बोटांना कळत होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

एकोणऐंशी सालच्या फेब्रुवारीत तिच्याकडे एक सपातेचं ऑर्किड फुललं. या जातीला एका दांड्यावर एकच फूल येतं, खाली सपातेच्या टोकासारखी पिशवी असलेलं. हे फूल तळहाताएवढं, हिरवट पांढरं, आणि अंगावर एक डाग म्हणून नाही. वसंतातलं मोठं प्रदर्शन आठ दिवसांवर आलं होतं, परीक्षक मँचेस्टरहून येणार होते. फूल बघितलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या शनिवारी तिनेच मला बोलावलं. काचघरातली रॉकेलची शेगडी धूर सोडत होती आणि त्या धुराने कळ्या गळतात. मी वात कापली, काजळी पुसली. ती म्हणाली, "थांब, चहा ठेवते, आल्याचा केकही आहे, पार्किन," आणि आत गेली.

माझ्या बंडीच्या खिशात, कागदात गुंडाळलेली, दात कोरायची एक काडी होती. सकाळी घरी मी दोन रोपांचा संकर करत होतो, काडीच्या टोकाला जर्मनीहून मागवलेल्या माझ्या सपातेच्या रोपाचा चिकट पिवळा पराग तसाच होता. सपातेच्या ऑर्किडात पराग पडला की फुलाचं काम संपतं, चार-पाच दिवसांत ते गळून जातं. हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मी पिशवीच्या मागून काडी घातली, दाबली आणि खिशात टाकली. मग बसून दोन तुकडे पार्किन खाल्लं. चवही चांगली लागली.

बुधवारी फूल गळलं. आणि प्रदर्शनात काय झालं असेल? लाल कार्ड आमचा चिटणीस डकवर्थ याच्या बायकोला, निळं मला. पाप करूनही दुसराच!

पंधरा दिवसांनी हेटीने मला पुन्हा काचघरात नेलं.

"फूल गेलं, पण देठ बघ, हिरवागार. पोटुशी आहे रे ही." ती माझ्याकडे बघत होती. "फेब्रुवारीत माशी कुठून आली असेल?"

"शेगडीच्या उबेने येत असेल एखादी," मी म्हणालो.

"असेल."

"शेंग कापून टाक, हेटी. रोप खचेल उगाच."

"पोर कुणाचं का असेना, आलंय ना? मग वाढवायचं."

तिथून माझ्या जिवाला घोर लागला. माझ्या त्या जर्मन रोपाच्या पाकळ्यांवर वरच्या कडेने काळ्या चामखिळी असतात, प्रत्येक चामखिळीवर दोन-तीन केस. अख्ख्या परगण्यात तसं रोप दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. पोरांनी बापाचं तोंड घेतलं की माझी चोरी उघडी पडणार होती. शेंग पिकली. धुळीसारखं ते बी एका जाणकाराने बाटल्यांत पेरून दिलं. तीन वर्षांनी बोटभर रोपं घरी आली. एखादं रोप टिकवायचं असेल तर ते वाटून टाकावं, अशी आमच्याकडे रीतच आहे. आपलं मेलं तर दुसऱ्याकडून मागता येतं. हेटीने क्लबात सगळ्यांना एकेक दिलं. मला नाही.

"तुला काय कमी आहे?" म्हणाली.

आता बघा माझा स्वभाव. ज्या रोपांना मी घाबरत होतो, त्यातलं एक मला दिलं नाही म्हणून मी महिनाभर तिच्याशी बोललो नाही.

सात वर्षांनी, शहाऐंशीच्या फेब्रुवारीत, तिचं रोप सगळ्यांत आधी फुललं. तिने ते टेबलावर ठेवलं आणि मी दारातूनच बघितलं. आईची अंगकाठी, आईचा हिरवट रंग, आणि पाकळ्यांच्या कडेला ओळीने काळ्या चामखिळी. केसांसकट.

चिटणीस डकवर्थने चष्मा सावरला. "नॉरिस, या चामखिळी तर तुझ्या जर्मनाच्या!"

नव्या संकराची क्लबाच्या वहीत नोंद होते: आई कोण, बाप कोण, पराग कोणी लावला. आणि ज्याने पराग लावला, त्याने नाव ठेवायचं. या वहीत आपलं नाव यावं म्हणून मी तीस वर्षं काड्या घेऊन बसलो होतो. माझी एकही शेंग कधी धरली नव्हती.

डकवर्थने लेखणी उचलली. "हेटी, पराग कोणी लावला?"

"नॉरिसने," हेटी म्हणाली. "एकोणऐंशी साली. मी आत चहा ठेवत होते तेव्हा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. "लबाड कुठले! दोघांनी मिळून केलं आणि आम्हाला पत्ता नाही!" डकवर्थची बायको माझी पाठ थोपटायला लागली. नुसतं हसून मान डोलावली असती तरी भागलं असतं. आभार मानायला मी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"मी ते फूल मारायला पराग लावला होता. प्रदर्शनाच्या आधी गळावं म्हणून. जळत होतो मी हिच्यावर. अजून जळतो."

डकवर्थच्या बायकोने माझ्या पाठीवरचा हात काढून घेतला.

"मला ठाऊक आहे ते," हेटी म्हणाली. "गळलं त्याच दिवशी कळलं. सगळ्यांसमोर ओरडायची काय गरज होती, मूर्खा? आता नाव सांग, डकवर्थ ताटकळलाय."

"तूच ठेव," मी कसाबसा म्हणालो.

तिने कुंडी उचलली, सवयीने तोलून बघितली, खाली ठेवली.

"लिही रे डकवर्थ. 'नॉरिसचा हेवा'."

मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा हॉल हसला. शेवटी मीही हसलो. आज ते रोप तीन परगण्यांत वाढतंय आणि त्याच नावाने ओळखलं जातं.

त्या दिवशी परीक्षकाने त्याला लाल कार्ड दिलं. कार्ड अर्थात हेटीचं, रोप तिचं होतं ना. पराग माझा, चामखिळी माझ्या, नावही माझंच. घरी चालत जाताना माझी मान शरमेने खाली गेली होती असं इथे लिहायला मला आवडलं असतं. पण हेटीबद्दल लिहिताना खोटं लिहिणार नाही. सबंध वाटभर मी त्या लाल कार्डावरच जळत होतो.