तोकुजीचं पान

त्सुनेयोवहिनींच्या हातचं तळलेलं कटलेट खायचं तर दुपारीच जायला हवं. संध्याकाळी तुम्ही दारात नाक घासलंत तरी त्या कढई परत चुलीवर ठेवणार नाहीत. आमच्या साकाता गावात असं डुकराचं कटलेट दुसरीकडे मिळत नाही. हल्ली बाहेरगावची पोरंपोरी येतात, फाटक्या लाल स्टुलांचे आणि भिंतीवरच्या जुन्या बिअरच्या जाहिरातीतल्या बाईचे फोटो काढतात, 'काय जुना काळ!' म्हणून उसासे टाकतात. अरे बाबांनो, ती बाई आता पणजी झाली असेल, आधी खा, गार होतंय!

मी शिगेमी, समोरच्या सलूनचा न्हावी. या खानावळीचा मालक तोकुजी माझा शाळेपासूनचा दोस्त. एका दुपारी त्याने एप्रन खुंटीला अडकवला, "सिगारेट घेऊन येतो," म्हणाला आणि गेला तो गेलाच. भांडण नाही, तंटा नाही. गावभर शोधलं, बंदरावर शोधलं. शेवटी त्याच्या बायकोने, त्सुनेयोवहिनींनी, स्वतःच कढई हातात घेतली.

तेव्हापासून रोज पहिलं कटलेट तोकुजीचं. शेवटच्या स्टुलासमोर त्याचं पान मांडायचं. कटलेट, कोबी, भात आणि झाकणाच्या वाटीत मिसोचं सार. समुद्रावर गेलेल्यांसाठी आमच्या आज्या हेच करायच्या. थोड्या वेळाने झाकण उचलायचं. आतून पाण्याचे थेंब असले तर माणूस कुठेतरी जिवंत आहे. कोरडं असलं तर संपलं.

"अहो वहिनी, सार गरम असल्यावर झाकणाला घाम येणारच!" मी म्हणायचो.

"मग तुमचं काय जातंय, भावजी?" असं म्हणून त्या झाकण उचलायच्या आणि थेंब बघून पोरीसारख्या हसायच्या. मग ते पान स्वतः संपवायच्या. त्या एका हसण्यावर ही बाई दिवस ढकलत होती.

गेल्या शरदात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. कढई सांभाळायला लेक आली सेन्दाईहून, सात्सुकी. बापाकडूनच शिकलेली, त्यामुळे कटलेट झकास. बापाचं पानही तिने मांडलं. आणि मग जेवायच्या दोन्ही काड्या उचलून भातात उभ्या रोवल्या, खच्चकन.

शेजारच्या स्टुलावर मी जेवत होतो, हातातला घास तसाच खाली ठेवला. भातात उभ्या काड्या मेलेल्या माणसासाठी रोवतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं.

"अगं काय केलंस हे, कार्टे?"

"काका, आई जन्मभर वाट बघत बसेल. कुणीतरी संपवायला नको? मेला तो आमच्यासाठी." तिने झाकण उचललं. "बघा आता तुमचे थेंब!"

सारातून वाफ येत होती. झाकण आतून कोरडं ठणठणीत.

ती हसली आणि दुसरी वाटी भरून ठेवली. तीही कोरडी. माझ्या वाटीच्या झाकणातून तर पाणी ठिबकत होतं. मी माझी वाटी उचलून त्या जागी ठेवली, झाकण पुसून घातलं, थांबलो. कोरडं. तीच वाटी माझ्यापुढे ओढली तर लगेच थेंब. गिऱ्हाइकं अर्धी ताटं टाकून उठली. कढईतलं कटलेट जळून कोळसा झालं, ते काढायचं भान कुणाला नव्हतं.

चार दिवसांनी पोलिसांचा फोन आला. तोकुजी ओसाकाला एका भाड्याच्या खोलीत वारला होता. त्याच दुपारी, जेवता जेवता.

सात्सुकीने अन्न सोडलं. "मी मारलं त्यांना," एवढंच म्हणायची. शेवटी तिने आईला सगळं सांगितलं. मी तिथेच होतो. वहिनींच्या एका डोळ्यावर पट्टी होती, दुसरा डोळा चुलीकडे.

"वेडी का खुळी तू?" त्या म्हणाल्या. "झाकण उन्हाळ्यापासूनच कोरडं निघत होतं. त्यांचं आयुष्य तेव्हाच सरत आलं होतं, तुझ्या काड्यांनी नाही. मीच ओलं बोट फिरवायचे आतून. नाहीतर या भावजींनी जगू दिलं असतं मला? विचार त्यांना, त्यांना संशय आलाच असेल."

सात्सुकी माझ्याकडे बघायला लागली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वहिनी कढईपाशी असताना मीच चावटपणाने तोकुजीच्या वाटीचं झाकण उचललं होतं. इतकं पाणी सांडलं की माझी बाही भिजली.

"आला होता की," मी म्हणालो. "या बाईची लबाडी मला माहीत नाही होय?"

पोर हंबरडा फोडून रडली. मग आईने पुढे केलेला कटलेटचा तुकडा तिने खाल्ला. माझा जीव भांड्यात पडला.

आता सात्सुकी दर महिन्याला येते. वहिनी तिला जवळ बसवतात, पाठीवरून हात फिरवतात, सगळ्यात जाड कटलेट तिच्या ताटात वाढतात. फक्त काड्या देत नाहीत. काटा देतात.

"याने बरं उचलता येतं गं," म्हणतात. सात्सुकी मान खाली घालून काट्याने जेवते, आणि ती उठेपर्यंत वहिनींची नजर तिच्या हातावरून हलत नाही.