चार डोक्यांचं मशीन आन एक नळ

"सर, हे माझं न्हाई! मी बारावा प्रश्न सोडवलाच न्हाई अजून!"

तिसऱ्या रांगेतली पोरगी ताडकन उभी राहिली. तिच्या मागोमाग खिडकीपाशी बसलेला एक जण ओरडला, "सर, माझी उत्तरं आपोआप बदलून राहिलीत!" मग काय, पुरा हॉल उठला. बाहेर व्हरांड्यात आईबाप बसलेले, ते काचेला नाकं लावून बघायला लागले. मी दाराशी उभी. एका हातात पितळी घंटा, कडेवर लेक. लेकीला वाटलं काहीतरी खेळच सुरू झाला, ती खदाखदा हसायला लागली.

हे असं का झालं ते त्या हॉलमध्ये दोघांनाच ठाऊक होतं. एक आमचे हे, मागच्या काचेच्या खोलीत मशीनपाशी बसलेले, तोंड पांढरंफटक. आन दुसरी मी. कारण आदल्या दिवशी मीच त्यांला म्हणले होते, "काढून टाका की ते कुलूप!"

थांबा. पहिल्यापासून सांगते, न्हाईतर तुम्ही म्हणाल ही बाई नुसती धापाच टाकून राहिली.

मी लातूर जिल्ह्यातली. भूकंप झाला तवा मी लहान. घर गेलं, माणसं वाचली, आन मग आम्ही पत्र्याच्या शेडात राहिलो, लई वर्षं. शाळा सातवीपर्यंत झाली. शेडातल्या आम्हा लोकांला एक खोड कायमची लागली, दाराला कडी लावायची न्हाई. हललं की पळायचं, कडी काढायला वख्त कुठला? आजबी माझ्या घराला नुसता पडदा असतो. शेजारपाजारचे लोक म्हणायचे, "हिला चोराची फिकीर न्हाई, जमिनीची हाय."

लग्न होऊन नांदेडला आले. हे तिथं विष्णुपुरीला इंजिनेरिंग कॉलेजात कामाला. शिकायला न्हाई हां, कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये पंखे चालू करायला आन टेबलं पुसायला. पण पुसता पुसता पोरांच्या मागं उभं राहून सगळं शिकले. पोरं अडली की ह्यांलाच विचारायची. डिग्री न्हाई, पण हात लई चालतो. लातूरला क्लासची लाट आली, गल्लीगल्लीत बोर्ड लागले, तवा एका क्लासच्या सरांनी ह्यांला बोलावून घेतलं. मशीन सांभाळायचं, गच्चीवरची खोली राहायला. मला हॉल झाडायचं काम, आन परीक्षेला घंटा वाजवायचं. ती घंटा माझी लई लाडकी. मी वाजवली की साठ पोरं एका दमात माना खाली घालायची. सातवी पास बाईचा असा दरारा कुठं बघितलाय का तुम्ही?

सरांनी सरावाच्या परीक्षा कागदावरून काढून कॉम्प्युटरवर आणल्या. साठ पोरं समोर, मागं एकच मोठं मशीन सगळ्यांला पेपर देणारं. मी घंटा वाजवली की साठ बोटं एकदम खटकन पडायची, आन सगळं जागच्या जागी थिजायचं. पाच-पाच मिनिटं पोरं नुसती पडद्याकडं बघत. सर म्हणले मशीन बारकं पडतंय. मग नवं आणलं, चार डोक्यांचं. म्हणजे आत विचार करणारे चार जण. आम्ही त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आन घंटा वाजवली तर काय, पहिल्याहून हळू!

"डोकी वाढली आन काम घटलं," सर ह्यांला म्हणले. "आमच्या घरच्या सगळ्या भावांसारखं झालं की हे."

ह्यांनी चार दिवस खोदून खोदून बघितलं. मशीनच्या आत एक कारभारी असतो, त्याला हे कर्नल म्हणायचे. कुणाला मेमरीत कुठली जागा द्यायची ते सगळं त्याच्याकडं. जागा कुणाची कुठं, त्याची एक वही. आन त्या वहीला एक कुलूप, लॉक. ज्याच्याकडं लॉक, त्यानंच वहीत बघायचं, लिहायचं, बाकीच्यांनी दारात उभं राहायचं. साठ पोरांची कामं त्या एका वहीवर. चार डोकी आणली तर चौघंबी त्या एका दारातच रेटारेटी करून राहिले. रेटारेटीतच दम जायचा त्यांचा.

हे ऐकलं आन मी शेडातली पोर, लगेच बोलले, "मग काढून टाका की ते कुलूप! दार उघडं ठेवा, पटापटा येतील-जातील."

हेबी शेडातलेच. दोन गावं सोडून यांचं गाव. आमच्या दोघांत कडी लावणारं कुणीच न्हाई. त्या कर्नलला काय करायचं ते सांगणारा सगळा मजकूर उघडा असतो, कुणालाबी बदलता येतो. ह्यांनी लॉक काढलं. रविवारी मी घंटा वाजवली आन काय सांगू, पेपर असा सर्रकन आला! सर माझ्याकडं बघून हसले. दहा मिनिटं मी राणी होते. अकराव्या मिनिटाला ती पोरगी उभी राहिली.

झालं असं, की दोघं जण एकाच वख्ताला वहीत बघायला आले, दोघांला एकच जागा रिकामी दिसली, दोघांनीबी तीच घेतली. म्हणून हिची उत्तरं त्याच्यात आन त्याची हिच्यात.

परीक्षा रद्द. आईबाप गेल्यावर सर काचेच्या खोलीत आले. ओरडले न्हाईत, त्याचीच जास्ती भीती वाटली.

"कुणाची अक्कल ही?"

मी तोंड उघडलं, पण हे आधी बोलले, "माझी, सर."

"बरं. पुढच्या रविवारी पुन्हा घेतो. नीट झालं तर झालं. न्हाईतर मी आपला कागदावर बरा, आन तुम्ही तुमच्या गावाकडं बरे. खोलीबी रिकामी करावी लागंल."

गच्चीवर जाऊन मी रडले. हे म्हणले, "रडू नको, तुझं अर्धं खरं होतं. दार तर आडवं येतच होतं." हा माणूस असा हाय. घर पडलं तरी म्हणंल, आभाळ बरं दिसायलंय.

त्यांनी लॉक परत घातलं आन कर्नलला एक काम लावलं. लॉक कुणी धरलं, धरून काय केलं, कधी सोडलं, ते सगळं कागदावर छापून काढायचं. गठ्ठाच्या गठ्ठा निघाला. मी लेकीला पेज भरवता भरवता बघून राहिले. इंग्रजी मला अक्षरापुरती येती. पण तीच तीच अक्षरं सारखी दिसली की डोळ्याला कळतं.

"हे काय हो? लॉक धरलं, मग हे लांबडं, मग सोडलं. सगळ्यांत हे लांबडं हायच."

"ते डिस्क. पेपरातली चित्रं, आकृत्या डिस्कवर असत्यात. तिथून आणायला वख्त लागतो."

"म्हणजे आणायला जातंय तवर लॉक धरूनच?"

"हाव. धरूनच."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. "अहो! ही तर नळ धरून पोरीला हंडा आणायला धाडणारी बाई हाय!"

ह्यांनी कागदाचा गठ्ठा खाली टाकला. आन मग दोघंबी असे हसलो की लेक दचकली.

शेडात आमच्या लायनीला एकच नळ होता. आन शेजारची एक काकू होती, घसा असा की भूकंपाच्या आधी हिनं हाक मारली असती तर सगळं गाव वाचलं असतं. तिचा नंबर आला की एक हंडा भरायची, दुसरा घरी विसरलेला. मग नळावर हात ठेवून उभी राहायची आन पोरीला ओरडायची, "अगं ए, मोठा हंडा आण गं!" पोरगी येईस्तोवर नळ बंद, लाईन बंद, आम्ही सगळे कोरडे. कुणी काही बोललं तर म्हणायची, "नंबर माझाय!" एक दिवस तिची आन माझ्या मायची अशी जुंपली की बांगड्या फुटल्या. मग बायांनी नियम केला. हंडा विसरलीस तर नळ सोड, घरी जा, हंडा आण. तवर दुसरी भरंल. आन परत आल्यावर बघ. तुझा पहिला हंडा कुणी सरकवला का, नंबर कुठवर आला, ते बघ आन मगच नळाला हात लाव.

पाणी कमी नव्हतंच कधी. कमी होतं ते नळ सोडायचं मन.

"नळ सोडायला लावा त्याला," मी म्हणले. "डिस्कवर जायचं तर लॉक सोडून जा."

ह्यांनी तेच लिहायला घेतलं. वहीत बघायचं, काय पाहिजे ते कळलं की लॉक सोडायचं, डिस्कवरून आणायचं, परत येऊन लॉक धरायचं. नुसतं बघायचं असंल तर दहा जणांनी मिळून बघा, लिहायचं असंल तरच एकट्यानं. चार दिवस हे जेवताना पण बोटानं ताटात काहीबाही लिहायचे. शनिवारी आम्ही दोघांनीच रिकाम्या हॉलमध्ये साठ कॉम्प्युटरवर पळत पळत बटणं दाबली. मी एका टोकाकडून, हे दुसऱ्या टोकाकडून, मधी टेबलावर लेक तिच्या मनानं दाबून राहिली. कुठं अडलं न्हाई. मी म्हणले, आता बोला.

रविवार उजाडला. आईबाप व्हरांड्यात, सर नव्या शर्टात. पोरं पाणी प्यायला गेली होती ती परत येऊन राहिली. मी घंटा घेऊन उभी. आन तेवढ्यात बघते तर तीच तिसऱ्या रांगेतली पोरगी, पाण्याची बाटली घेऊन परत आली आन न बघता धप्पकन खुर्चीवर बसली. तिच्या जागेवर दुसरीच पोरगी बसलेली! ही तिच्या मांडीवर!

सगळा हॉल हसला. मला मात्र मशीनची वही आठवली. मी पळत काचेच्या खोलीत गेले.

"अहो, ते परत आल्यावर बघतंय ना? जागा तीच हाय का, दुसऱ्याला गेली का?"

"बघतंय की. घातलंय मी—" असं म्हणले आन थांबले. पडद्यावर खाली खाली गेले. चेहरा परत त्या रविवारसारखा. "साध्या पानाला घातलंय. चित्राच्या पानाला न्हाई."

"मग?"

"हजारात एखाद्याला व्हईल. किंवा न्हाईबी होणार."

"किती वख्त लागंल?"

"दोन ओळी हायत. मशीन बंद करून चालू करायला धरून पंधरा मिनिटं."

मागून सरांचा आवाज. "बाई, घंटा!"

माझ्या डोक्यात नुसती शिट्टी वाजून राहिली. सरांला सांगावं तर ते म्हणतील, अजूनबी चूक? गाशा गुंडाळा. न सांगावं आन घंटा वाजवावी तर साठातल्या एखाद्या लेकराची उत्तरं दुसऱ्याच्या मांडीवर. मी काय केलं, तर घंटा लेकीच्या हातात दिली.

"बाई, घंटा वाजवा की!"

"सर, लेक सोडंना!" आन खरंच सोडंना. तिच्या हातातून काही काढलं की ती असा टाहो फोडती की काकू आठवावी. सरांनी स्वतः ओढून बघितली. तिनं त्यांचा चष्मा ओढला. व्हरांड्यातल्या दोन बाया मदतीला आल्या, एकजण "दृष्ट लागली पोरीला" म्हणली. तवर मी वर पळाले, चुरमुऱ्याचा सुशीला, पोह्यांसारखा फोडणी दिलेला, केलेला होता आमच्यापुरता, पातेलंच घेऊन आले. "सर, पोरं उपाशीपोटी बसलीत, दोन दोन घास खाऊ द्या, डोकं चालतंय." पोरं काय, तयारच. सर कपाळाला हात लावून म्हणले, "हा क्लास हाय का बारसं?"

काचेमागून ह्यांनी झालं म्हणून मान हलवली. मी लेकीला चुरमुरे दाखवले, तिनं घंटा सोडली. वाजवली. साठ बोटं खटकन पडली, आन साठ पेपर सर्रकन आले. अकरावं मिनिट गेलं. विसावं गेलं. तिसऱ्या रांगेतली पोरगी मान खाली घालून पेपर सोडवत होती. शेवटची घंटा मी इतकी जोरात वाजवली की बाहेरचा रिक्षावाला थांबला.

नोकरी राहिली, खोली राहिली. लेक आता शाळेत जाती, मधल्या सुट्टीतून परत आली की आपलं दप्तर जागेवर हाय का बघती. सर अजूनबी आल्या-गेल्याला सांगतात, "मशीन आमचं एकदम पळतंय, अडती ती फक्त घंटावाली बाई." मी हसते. पहिल्या रविवारचं कुलूप माझ्या अकलेनं निघालं आन दुसऱ्या रविवारची पंधरा मिनिटं मी मुद्दाम घालवली, ह्यातलं एकबी त्यांला मी अजून सांगितलं न्हाई. हे म्हणतात, सांगून टाक आता, हसतील ते. मला धीर होत न्हाई.

तुमच्या हातात घंटा असती, समोर साठ लेकरं, पाठीमागं सर, आन वर गच्चीवरची खोली, तर तुम्ही काय केलं असतं? खरं सांगून टाकलं असतं, का हजारात एखाद्याला म्हणून वाजवून दिली असती, का दिली असती लेकीच्या हातात?