सात नंबरचं पित्त

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा हा विषय तेवढा टाळून पुढं जाते — त्याला काय कळत नसेल? कळत असेल. तरी टाळते. आज तुमच्यापाशी का बोलतेय, ते मलाही धड सांगता येणार नाही. ऐका फक्त.

मी नर्स आहे. सध्या सांगलीत एका खासगी हॉस्पिटलात असते, आणि नवीन पोरी आल्या की त्यांना ओव्हर द्यायला-घ्यायला शिकवायचं काम माझ्याकडं असतं. ओव्हर म्हणजे एक पाळी संपताना पुढच्या पाळीच्या नर्सला पेशंट सोपवणं. कुणाचं काय झालं, काय राहिलं, कुणावर लक्ष ठेवायचं, हे सगळं तोंडी सांगायचं असतं, आणि नव्या पोरी तिथंच गोंधळतात. तळहातावर लिहितात, औषधाच्या खोक्यावर लिहितात, मग शोधत बसतात. मी त्यांना कोऱ्या कागदाच्या घड्या घालून आठ चौकोन करायला लावते. एका चौकोनात एक बेड. सगळ्यात वर, लाल पेनानं, पेशंटला काय मानवत नाही ते. सांगणारीनं सांगायचं, घेणारीनं उलट वाचून दाखवायचं, आणि शंका आली तर तोंड उघडून विचारायचं. पाळी संपली की कागद फाडायचा, पेशंटची माहिती इकडंतिकडं पडता कामा नये. पोरी शिकतात. मॅनेजमेंटनं माझं कौतुकही केलंय, सगळ्यांसमोर, गुच्छ देऊन.

आणि माझा एक नियम आहे, त्याला पोरी हसतात. माझ्या वॉर्डात 'पित्त' हा शब्द कागदावर लिहायचा नाही, ओव्हरमध्ये बोलायचा नाही. पित्त म्हटलं की मोरे सिस्टरचं पित्त खवळतं, असं त्या मागं बोलतात. बोलू देत. आपल्याकडं छातीत जळजळलं तरी पित्त, डोकं दुखून उलटी झाली तरी पित्त, आणि अंगभर लाल गांधी उठल्या तरी पित्तच. मग कळायचं कसं? जळजळ असेल तर जळजळ लिहा, गांधी उठत असतील तर गांधी लिहा. एवढं का चिडते मी, हे एकीनंही कधी विचारलेलं नाही.

करोनाच्या थोडं आधीची गोष्ट. तेव्हा मी साताऱ्यात होते, दुसऱ्या एका हॉस्पिटलात. तिथं शाहीन नावाची पोर नवीन लागली. उंब्रजची. वडील गाद्या भरायचे. घरात नोकरीला निघालेली पहिली मुलगी — पांढरा ड्रेस घालून पहिल्यांदा घरी गेली तेव्हा आख्खी गल्ली बघायला आली म्हणे. हाताला हलकी होती, पेशंटला सुई टोचली तर कळायची नाही. पण पसारा. कागद कुठं, पेन कुठं. मेट्रननं तिला माझ्या हाताखाली दिली, म्हणाल्या हिला जरा वळण लावा. आणि मी तोंडाची फटकळ, कामाला वाघ, माझ्या पाळीत चूक म्हणून नाही. निदान तेव्हा तरी मला तसं वाटायचं.

तिला एक सवय होती. ओव्हर घेताना दर दोन वाक्यांनी विचारायची, म्हणजे काय सिस्टर? म्हणजे कसं सिस्टर? सुटायच्या वेळेला हे ऐकून माझं डोकं उठायचं. एके दिवशी मी तिला चार जणींसमोर झापली. म्हटलं, कॉलेजात काय झोपा काढल्यास का? सांगितलंय तेवढं लिही, डोकं खाऊ नकोस. ती खाली बघून लिहायला लागली. कान लाल झाले होते तिचे. हा काही माझा गुन्हा नव्हे, असं तुम्ही म्हणाल — सगळ्याच सीनिअर बोलतात. थांबा.

दुसऱ्या दिवशी माझी सकाळची पाळी होती. सात नंबरला म्हसवडच्या एक आजी होत्या, मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालेल्या. दुपारी बाराच्या सुमाराला त्यांची सून माझ्याकडं आली. तिचे शब्द मला अजून जसेच्या तसे ऐकू येतात. "सिस्टर, आत्यास्नी दुखायच्या इंजेक्शननं लय पित्त उठतं. मागं दिलं तवा तोंड सुजलं हुतं." मी म्हटलं, बरं केलंत सांगितलंत. मला नीट कळलं होतं. पित्त उठतं म्हणजे काय, हे मला नाही कळणार? फाइलवर लाल पेनानं लिहायला हवं होतं. डॉक्टरांनी 'दुखलं तर द्या' म्हणून तेच इंजेक्शन लिहून ठेवलं होतं, तेही मला माहीत होतं. पण तेवढ्यात एकाला घरी सोडायचं निघालं, दुसऱ्याची ड्रिप बंद पडली, आणि — नाही, कारणं नको. मी लिहिलं नाही.

दोन वाजता शाहीन ओव्हर घ्यायला आली. घडी घातलेला कागद घेऊन, मी शिकवला तसा. मी पर्स खांद्याला लावूनच बोलत होते. सात नंबरला आल्यावर म्हटलं, "सातला पित्त आहे, बाकी तसंच." तिनं मान वर केली. विचारायचं होतं तिला. मी बघितलं ते. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि खाली मान घालून लिहिलं. मी घरी गेले. जेवले. चांगली झोप काढली.

सकाळी आले तर आजी आयसीयूत होत्या, आणि बाहेर जिन्याच्या पायरीवर शाहीन बसलेली, रात्रभर घरी न गेलेली. संध्याकाळी पाय दुखतोय म्हणून आजी कळवळल्या, हिनं लिहून ठेवलेलं इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत अंगभर गांधी, घसा सुजला, श्वास अडकला. मला बघून ती उठली आणि काय म्हणाली माहितीय? "सिस्टर, मी पैलं पित्ताचं औषध पाजलं हुतं. तरी आसं कसं झालं?"

पित्त म्हणजे तिनं जळजळ धरली होती. सगळं एका क्षणात कळलं मला. तिला अजून काहीच कळलं नव्हतं.

मी वॉर्डात गेले. धावपळीत तिचा कागद तसाच टेबलावर राहिला होता, फायलींच्या खाली. सातव्या चौकोनात तिच्या गोल अक्षरात दोन शब्द — पित्त आहे. मी सांगितलं होतं तेवढंच. एक अक्षर जास्त नाही, कमी नाही. मी तो कागद फाडला. पाळी संपली की कागद फाडायचा, नियमच होता ना? बारीक तुकडे केले आणि बाथरूममध्ये जाऊन पाणी सोडलं. हात थरथरला का? नाही. खरं सांगते, अजिबात नाही.

आजी तिसऱ्या दिवशी गेल्या. सून मेट्रनच्या खोलीत रडत सांगत होती, मी मोठ्या सिस्टरना सांगितलं होतं म्हणून. मेट्रननं मला विचारलं, तुम्ही पुढं सांगितलंत का? शाहीन माझ्या शेजारी उभी होती. माझी बाही तिच्या बाहीला लागत होती. मी म्हटलं, सांगितलं होतं. इंजेक्शननं पित्त उठतं, देऊ नकोस, असं स्पष्ट सांगितलं होतं. तिनं लिहून घेतलं नसेल, तिचं तुम्हाला माहीतच आहे.

शाहीननं माझ्याकडं बघितलं. तिला राग आला असता, ती ओरडली असती, खोटारडी म्हणाली असती, तर बरं झालं असतं. पण 'पित्त' हा शब्द तिला आठवत होता. ती पुढचं आठवायचा प्रयत्न करत होती. मला दिसत होतं ते, तिच्या कपाळावर. आणि तिची खात्री पटत गेली की मी सांगितलंच असणार. मोरे सिस्टर कशी चुकेल? हळू आवाजात म्हणाली, सांगितलं आसंल सिस्टरनी. माझंच ध्यान नसंल.

त्याच दिवशी तिला काढून टाकलं. प्रकरण पुढं गेलं नाही. मी वर्षभरात सांगलीला आले, आणि चांगली नर्स म्हणून नाव कमावलं.

गेल्या हिवाळ्यात उंब्रजला एका लग्नाला गेले होते. स्टँडवर परतीच्या बसची वाट बघत होते, तर मागून कुणीतरी हात धरला. शाहीन. कडेवर मुलगी. ओढून घरी नेलं मला, जवळच होतं. घरात शिलाई मशीन, दोरीला अडकवलेले ब्लाउज. नर्सिंग पुन्हा केलं नाहीस का, विचारलं मी. विचारलंच मी तिला. तर म्हणाली, न्हाई सिस्टर, हात चालंना. पोरीला लसीला न्यायचं तरी नवरा नेतो, मला सुई बघवत न्हाई. चहा ठेवता ठेवता ती थांबली आणि माझ्याकडं पाठ करूनच म्हणाली, "तुमी सांगितलं हुतं, सिस्टर. मी अर्धंच ऐकलं. माझ्या हातनं एक बाई मेली, आणि मेट्रनम्होरं तुमालाबी खाली बघाय लागलं. मला माफ करा."

खोलीत आम्ही दोघीच होतो, आणि ती मुलगी, तिला अजून बोलता येत नव्हतं. मी सांगू शकले असते. एक वाक्य पुरलं असतं. तेवढं मी ओठापर्यंत आणलंही, असं मला वाटतं — की तेही मी आता स्वतःच्या समाधानासाठी म्हणतेय?

मी उठले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, वेडे, होतं असं माणसाच्या हातून. मी तुला कधीच माफ केलंय.

ती धाय मोकलून रडली, माझ्या खांद्यावर. मग डोळे पुसले आणि हसली. तिला बरं वाटलं. मी बघितलं ना, तिला खरंच बरं वाटलं.