अक्काच्या कॅप्सूल आणि दिलसुखनगरचा व्यायाम

हैदराबादला मी आजवर लग्नकार्यासाठीच गेले होते. या वेळी गेले ती गुडघ्यांसाठी. पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून सकाळी उठल्यावर बोटं मिटायची नाहीत, जिना उतरताना कठड्याला धरावं लागायचं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. मोठा आजार काही नाही, या वयात अंगात सूज राहते, व्यायाम करा, म्हणाले. कोणता, ते सांगितलं नाही. माझी मोठी बहीण अक्का पस्तीस वर्षं हैदराबादेत काचीगुड्याला राहते. तिचंही असंच होतं. पण गेले सहा महिने ती फोनवर सारखी सांगत होती, मला गुण आलाय, तू ये, माझ्यासारखी बरी होशील. शेवटी मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागली आणि मी नांदेडहून गाडी पकडली.

निजामाबादमार्गे जाणारी गाडी थेट काचीगुड्याला सोडते. गुडघे दुखणाऱ्यांनी खालचा बर्थ आधीच मागून घ्यावा आणि दर तासाभरानं डब्यात एक फेरी मारावी. मी मारली नाही, त्यामुळे उतरताना पाय लाकडासारखे झाले होते. अक्का स्टेशनवर आली होती. एकसष्ट वर्षांची बाई, माझी पिशवी उचलून माझ्यापुढे चालत होती. मला हेवा वाटला.

घरी भाकरी आणि अंबाडीची भाजी होती. अक्का तिला आता गोंगुराच म्हणते. जेवण झाल्यावर तिनं कपाटातून तिचा खजिना काढला. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, शल्लकीच्या गोळ्या, अश्वगंधेचं चूर्ण आणि एक बिननावाची पुडी.

दुसऱ्या दिवशी आम्ही गौलीगुड्याला गेलो. बसस्थानकामागच्या बाजारात जडीबुटीची जुनी दुकानं आहेत. सकाळी अकराच्या आत जा, नंतर पाय ठेवायला जागा नसते. अक्काच्या दुकानदारानं आम्हाला स्टुलावर बसवलं, चहा मागवला, आणि झोप लागते का, अंगातून वाफा येतात का, रडू येतं का, सगळं निवांत विचारलं. नांदेडला हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी त्याच कॅप्सूल घेतल्या. अक्का रोज किती घेते ते मी विचारलं. बाटलीवर दोन लिहिलंय, मी चार घेते, असं ती सहज म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दिलसुखनगर. काचीगुड्याहून सिटी बस मिळते. तेलंगणाचा पत्ता असलेल्या बायकांना बस फुकट आहे, म्हणून अक्काचं तिकीट शून्याचं आणि माझं पैशाचं. कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर एक हॉल आहे. तिथं आठवड्यातून तीन दिवस रेहानाबाजी पन्नाशीपुढच्या बायकांचा व्यायाम घेतात. पूर्वी त्या शाळेत खेळ शिकवायच्या. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायचं आणि बसायचं. पाण्यानं भरलेल्या बाटल्या खांद्यापर्यंत उचलायच्या. भिंतीला तळवे लावून अंग पुढेमागे न्यायचं. मला वाटलं, हे काय, लहान मुलांचं. सहाव्यांदा उठताना मांड्या थरथरायला लागल्या. रेहानाबाजींनी मला बसवलं. इतकी वर्षं स्नायू नुसते बसून होते, त्यांना हळूहळूच उठवायचं, आणि दुखलं तर थांबायचं, असं त्या म्हणाल्या.

बाटली उचलताना अक्काची बाही वर सरकली आणि तिच्या दंडावर मला काळेनिळे डाग दिसले. एकदोन नाहीत, पाचसहा. कुठं आपटलीस म्हणून विचारलं तर म्हणाली, बसमध्ये लागलं. त्याच दिवशी सकाळी तिच्या चुळीच्या पाण्यात रक्त दिसलं होतं. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून दोन वर्षांपासून तिला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हे मला ठाऊक होतं. मी न राहवून रेहानाबाजींना त्या गोळीचं आणि चार कॅप्सूलचं सांगून टाकलं.

त्यांनी अक्काचा हात हातात घेतला आणि हे डॉक्टरांना सांगितलंय का, असं त्यांच्या दखनीत विचारलं. “आपा, दिल की गोली के साथ ये सब खारे, डॉक्टर कू बोले क्या?”

अक्कानं मान हलवली. नाही.

परतीच्या बसमध्ये ती माझ्याशेजारची जागा सोडून पुढे जाऊन बसली. चारचौघींत मी तिला उघडं पाडलं, असं तिला वाटलं असणार. संध्याकाळी स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडताना तीच बोलायला लागली. पाळी गेली तेव्हा अंगाची आग व्हायची, रात्ररात्र झोप नसायची. डॉक्टरांना सांगितलं की ते म्हणायचे, वयाचं आहे. दाजींना सांगितलं की ते पंखा मोठा करायचे. “त्या दुकानात पहिल्यांदा कुणीतरी माझं पूर्ण ऐकून घेतलं, सुमे. आता डॉक्टर हेही बंद करा म्हणाले तर?”

मी एवढंच म्हणाले, मी बरोबर येते.

चौथ्या दिवशी सकाळी उठले तर अक्का साडी नेसून तयार होती. सगळ्या बाटल्या आणि ती पुडीसुद्धा तिनं कापडी पिशवीत भरली होती. दाजीही आमच्याबरोबर निघाले. तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एकेक बाटली हातात घेऊन वाचली. लगेच रक्त तपासायला पाठवलं. दुपारी रिपोर्ट आला. रक्त हवं त्यापेक्षा फारच पातळ झालं होतं. घरात साधं पाय घसरून डोकं आपटलं असतं तरी जिवावर बेतलं असतं, असं त्यांनी दाजींना समोर बसवून सांगितलं. भाजीतली हळद चालेल, अर्क बंद, शल्लकी, चूर्ण आणि पुडीही बंद, व्यायाम मात्र सोडू नका. मग अक्कानं त्यांना बोटं, झोप, आग, सगळं परत सांगितलं. या वेळी ते लिहून घेत होते. बायकांच्या डॉक्टरांकडेही त्यांनी चिठ्ठी दिली.

बाहेर पडल्यावर आम्ही दोघींनी पेसरट्टू, म्हणजे हिरव्या मुगाचा डोसा, खाल्ला. दाजी ओशाळल्यासारखे तिसऱ्या टेबलावर एकटेच जाऊन बसले होते. अक्का उठली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

मला नांदेडला परत येऊन दोन महिने झालेत. माझ्या कॅप्सूल मी न उघडताच डॉक्टरांना दाखवल्या. तुम्हाला दुसरी औषधं नाहीत, तरी आधी नुसता व्यायाम करून बघा, म्हणाले. तोच करते आहे. बोटं सकाळी अजूनही आखडतात, पण चहा होईपर्यंत मिटायला लागतात. जिन्याचा कठडा कधी धरते, कधी नाही. तुम्ही असलं काही घेत असाल तर घ्या किंवा सोडा, ते मी सांगणारी कोण. पण डॉक्टरांपासून लपवू नका.

काल अक्काचा फोन आला. डाग गेले, पण कॅप्सूल सोडल्यापासून बोटं परत ठणकतात, म्हणाली. मला अपराधी वाटलं. मग आता कसं करतेस, मी विचारलं.

“तुझे दाजी रोज तेल लावून चोळून देतात,” ती म्हणाली. “जमत नाही त्यांना. पण बसतात.”