तळहातावरचं लिंबू

पंचगंगेचा पूल आला तेव्हा माझं अंग पार आंबून गेलं होतं. अकोल्याहून पुण्यापर्यंत आगगाडी, तिथून पुढे खिळखिळी एस.टी., आणि खिडकीची काच खालीच अडकलेली. साताऱ्यापासूनची सगळी धूळ माझ्या डोक्यावर. मी शाळेत व्यायामशिक्षक. हेडमास्तरांनी नवरात्राच्या सुट्टीत मला कोल्हापूरला धाडलं होतं. तिथल्या तालमीत जुन्या शस्त्रांचे मर्दानी खेळ शिकवतात, ते बघून या, जमलं तर लाठीचे चार हात शिकून या, असा हुकूम. सुट्टी माझी आणि हौस त्यांची, म्हणून मी चडफडतच निघालो होतो. पण पुलावरून दोन्ही अंगांना हिरवागार ऊस दिसला आणि, खरं सांगतो, जरा निवळलो. आमच्याकडे दुष्काळ सरून वर्ष झालं होतं, तरी डोळ्यांना एवढं हिरवं बघायची सवय राहिली नव्हती.

स्टँडजवळच्या खानावळीत मी बसल्या बसल्या मटण मागितलं. मालक माझ्याकडे बघतच राहिला.

"पावणं, नऊरात्र चाललंय. देवीच्या गावात येऊन ह्ये काय मागतासा? खंडेनवमी होऊ द्या, मग बोटं चाटत ऱ्हावा."

त्याने मिसळ पुढे ठेवली. दुसऱ्या घासालाच माझ्या कानांतून वाफा निघायला लागल्या. मालकाने न विचारता आणखी कट (तिखट रस्सा) ओतला. इथे पाहुण्याचे हाल करायची हीच रीत दिसते, असं म्हणत मी तोही संपवला.

तालीम पेठेतल्या एका बोळात होती. दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत तांबडी माती, तेलाचा वास आणि भिंतीवर ओळीने लाठ्या, ढाली, भाले. मीरासाब वस्ताद म्हणजे इथले गुरू. साठीचा काटक माणूस, दिवसा बँडवाल्यांचे झगझगीत कोट शिवायचे आणि संध्याकाळी तालमीत यायचे. याच तालमीत मोहरमला पंजे बसत आणि याच तालमीत खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होई. दोन्हींची तयारी वस्तादच करत आणि यात सांगण्यासारखं काही आहे, असं तिथे कुणालाही वाटत नव्हतं. मलाच वाटलं, म्हणून लिहितो.

"अकोल्यास्नं आलासा? लई लांबनं. मग बसून बघताय काय, उतरा की मातीत."

उतरलो. मुलांना कवायत शिकवण्यात माझी उमर गेली, त्यामुळे पायांचा मला भलताच अभिमान. वस्तादांनी पवित्रा (पाय टाकायची ठरावीक चाल) दाखवला, हलगीवाल्याने ठेका धरला आणि मी तिसऱ्याच पावलाला माझ्याच पायात अडकून मातीत लोळलो. आखाडा खदखदून हसला. वस्ताद तेवढे हसले नाहीत.

"मास्तर, हातातलं हत्यार इसरा. पाय बसला की हात आपसुक मागनं येतोय."

मला उठवलं ते महादेवने. इचलकरंजीच्या यंत्रमागावर काम करणारा तरणा गडी. पाळी संपली की एस.टी. पकडून इथे यायचा. बरीच वर्षं त्याने नुसती काठी फिरवली होती, मग फरी-गदका (लहान ढाल आणि कातडं मढवलेली काठी), आणि आता कुठे पट्टा हातात घ्यायचा. पट्टा म्हणजे लवलवतं लांब पातं आणि कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ. त्या मुठीत मनगट वळतच नाही, त्यामुळे वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. महादेव फिरायला लागला की पातं दिसायचंच नाही, नुसता वारा कापल्याचा आवाज यायचा. मी बघतच राहिलो. माझ्या आयुष्यात इतकं देखणं अंग चालताना मी पाहिलं नव्हतं.

पण धार लावलेला पट्टा घेऊन दसऱ्याला लोकांपुढे उतरायचं तर या तालमीचा एक दंडक होता. खंडेनवमीला शिष्याने घरच्या माणसाच्या तळहातावर ठेवलेलं लिंबू कापायचं. मग वस्ताद तेच लिंबू त्या तळहातावर पिळणार आणि विचारणार, झोंबतंय का? पातं कातडीला केसभर जरी लागलं असलं तरी लिंबू ते सांगतंच. घरच्याने हो म्हटलं की पट्टा वर्षभर भिंतीवर. वस्ताद हात तपासायचे नाहीत, त्या माणसाचा शब्द शेवटचा.

"घरचंच माणूस कशाला?" मी विचारलं.

"परक्याच्या हातावर कुनीबी धाडस करंल," वस्ताद म्हणाले. "ज्येचा हात कापला तर जेवान जानार न्हाय, त्येच्याच हातावर हात कळतोय."

महादेवची आई वारली होती, बायको बाळंतपणाला माहेरी. राहिला बाप, आणि बापाचा या खेळाला कडकडीत विरोध. महादेव मला सुट्टीच्या दिवशी इचलकरंजीला घेऊन गेला, तेव्हा तो मी कानांनी ऐकला. अख्खी गल्ली मागांच्या खडखडाटाने थरथरत होती, साधं बोलायचं तरी ओरडावं लागत होतं. आबा, म्हणजे महादेवचे वडील, तसेही ओरडूनच बोलणारे.

"मास्तर, तुमी शिकल्याली मानसं. सांगा ह्येला. तुटल्याला धागा सांधायला बोटं लागत्यात. एक बोट गेलं तर ह्येला कोन मागावर उभा करंल? तलवारी कुनाला पायजेल हायती आता?"

"आबा, खंडेनवमीला येतासा न्हवं?" महादेवने विचारलं.

"म्या न्हाय येनार. त्या पट्ट्याला माजा हात मिळायचा न्हाय."

एवढं सुनावून त्यांनी माझ्या पानात आणखी एक भाकरी टाकली. परतीच्या गाडीत दुसऱ्या कुणाला, काका-मामाला आण, असं मी सुचवलं. महादेव म्हणाला, "आबाच पायजेत. आबा न्हाय आले तर पट्टा नको मला." माझा जीव तुटला त्याच्यासाठी. बापाचा तर असा राग आला की विचारू नका.

खंडेनवमीला सकाळीच तालीम भरली. शस्त्रांना शेंदूर, झेंडूच्या माळा, ऊद. पूजा झाली. महादेव आखाड्याच्या कडेला डोकं खाली घालून बसला होता, आणि दारातून वाकून आबा आत आले. धुतलेली टोपी, नवा सदरा. सरळ मातीत गुडघा टेकून त्यांनी उजवा हात पुढे केला. धागे सांधून सांधून त्या हाताला घट्टे पडले होते.

वस्तादांनी लिंबू ठेवलं. हलगी सुरू झाली. महादेवने बापाभोवती फेर धरला, पातं गोल फिरलं, वर गेलं आणि सपकन खाली आलं. लिंबाच्या दोन फाका मातीत पडल्या. तळहातावर रक्त नाही, काही नाही.

वस्तादांनी फाक उचलून आबांच्या तळहातावर पिळली. "झोंबतंय का?"

सगळी तालीम आबांकडे बघत होती. आता या माणसाने नुसतं 'व्हय' म्हटलं की त्याच्या मनासारखं होणार होतं. मी तर मनात त्याला शिव्या घालायलाही सुरुवात केली होती.

"न्हाय," आबा म्हणाले. "काय बी न्हाय."

पोरांनी गलका केला. पण महादेवने पट्टा खाली ठेवला.

"वस्ताद, लागलंय."

"आरं, मी न्हाय म्हंतोय नव्हं?" आबा उसळले.

"लिंबू कापताना पातं करकरतंय. शेवटाला ते मऊ गेलं, आबा. मला खांद्यात कळलं."

"हात माजा हाय का तुजा? माज्या हाताचं मला कळंना व्हय?"

बाप ओरडत होता की लागलं नाही, लेक म्हणत होता लागलं. हे भांडण असं उलटं बघून मला हसावं की रडावं कळेना. शेवटी वस्तादांनी हात वर केला.

"दोघांतला एक खोटं बोलतोय. आनि माजा चेला खोटं बोलत न्हाय." त्यांनी पट्टा उचलून भिंतीवर टांगला आणि महादेवच्या हातात काठी दिली. महादेवने त्यांच्या पायाला हात लावला. मग तो बापाशेजारी येऊन बसला. दुपारी तालमीत मटणाच्या पंगती उठल्या, तांबडा रस्सा वाट्यावाट्यांनी वाढला गेला. ज्याच्यासाठी मी आल्या दिवसापासून आसुसलो होतो ते पानात आलं, पण माझं लक्ष त्या बापलेकांकडेच.

दसऱ्याला महादेव लाठी घेऊन उतरला. लाठीत तो इतरांपेक्षा कमी दिसला, असं मला मुळीच वाटलं नाही. गर्दीत आबा शेवटपर्यंत उभे होते.

दुसऱ्या दिवशी मला पोचवायला महादेव स्टँडवर आला. आबाही बरोबर होते, त्यांची इचलकरंजीची गाडी तिथूनच सुटायची. महादेव चहा आणायला गेला तसा मी धीर केला.

"आबा, खरं सांगा, झोंबलं होतं?"

"तर वो," ते म्हणाले. "डोळ्याला पानी याचं राहिलं हुतं."

"मग नाही कशाला म्हणालात? तुम्हाला तर हा खेळ नकोच होता."

आबांनी चहाच्या टपरीपाशी उभ्या असलेल्या लेकाकडे पाहिलं. "त्येला फिरताना म्या कवा बघितलंच न्हवतं, मास्तर. नुसतं नगं, नगं म्हनत हुतो. वस्तादास्नी सांगून आलोय, पुढल्या खंडेनवमीला बी ह्योच हात."

माझी गाडी लागली. मास्तरकीत मी नापास पोरांचे बाप पुष्कळ पाहिलेत. दोन गुण वाढवा म्हणून दारात ताटकळणारे, पोराला तिथेच बडवणारे, माझ्यावरच डाफरणारे. खोटं बोलून पोराला पास करायला निघालेला आणि पोराने ते मोडून काढलं म्हणून छाती पुढे काढून चालणारा बाप मी त्या स्टँडवरच पाहिला. हेडमास्तरांना मी लाठीचे चार हात करून दाखवले. त्यांनी विचारलं, आणखी काय शिकून आलात? मी म्हटलं, एक लिंबू मागवा, सांगतो.